आमची वाटचाल: आधी झाडू, मग गाडी

आमच्या धंद्याबद्दल ऐकलं की लोकांना वाटतं, आम्ही स्टंट शिकवतो. शिकवत नाही. आम्ही जागा देतो. मोटारसायकलवर स्टंट करणाऱ्यांना सरावासाठी रीतसर कागद असलेली बंदिस्त जागा तासाच्या हिशेबाने मिळवून द्यायची, तिथे आपला एक माणूस उभा करायचा आणि सराव संपला की जागा होती तशी मालकाच्या हवाली करायची, एवढंच आमचं काम. 12 वर्षं झाली. 'जागा काय, कुठेही मिळते' म्हणणारे या काळात बरेच आले आणि गेले. एक मात्र गेला नाही. त्याच्याबद्दल लिहायचंच आहे, पण आधी मामा.

मामा माझे कुणी नात्यातले नव्हेत. सगळी पोरं त्यांना मामा म्हणायची म्हणून मीही म्हणू लागलो. स्टंटच्या गाड्यांना क्रॅश केज (पडल्यावर इंजिन वाचवणारा लोखंडी पिंजरा) आणि मागे ट्वेल्व्ह ओक्लॉक बार (गाडी सरळ उभी झाली की जमिनीला टेकणारा दांडा) वेल्ड करून द्यायचा त्यांचा हात असा, की गाडी आदळली तर बार वाकायचा पण जोड सुटायचा नाही. मी त्यांच्याकडे मागचं मोठं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक, बसवून घ्यायला जायचो. व्हीली, म्हणजे पुढचं चाक उचलून मागच्या एका चाकावर गाडी चालवणं, मला धड कधी जमली नाही. चार वर्षं धडपडूनही गाडी तोलून राहते तो बॅलन्स पॉइंट सापडला नाही. जागा मात्र मला सापडायच्या. एक दिवस मामा म्हणाले, "अरे, तू गाडी सोड आणि हेच कर." लागलं मनाला. पण भागीदारी तिथेच ठरली.

सुरुवातीचं भांडवल म्हणजे मामांचा एक गंजका टूलबॉक्स. त्यात जमिनीवर फिरवून अंतर मोजायचं चाक, खडू, हवेचा गेज, खिळे वेचायला दांड्याला बांधलेली लोहचुंबकाची पट्टी आणि पाण्याची बाटली. ही बाटली पिण्यासाठी नव्हती. नव्या जागेत गेलो की मामा मधोमध उभे राहून अर्धी बाटली ओतायचे आणि पाणी कुठे धावतं ते बघत बसायचे. पाण्याला वाट हवी म्हणून थोडा उतार प्रत्येक फरशीला असतोच. पण सर्कल व्हीली करणाऱ्याला विचारा: उतार जरा जास्त झाला तर निम्म्या वर्तुळात गाडी पळते आणि निम्म्यात दम तोडते, आणि सगळा राग क्लचवर निघतो. मग बाटली ठेवून झाडू. झाडू राठ काड्यांचाच घ्या, मऊ झाडूने बारीक खडी नुसती इकडची तिकडे होते. स्टॉपी करताना, म्हणजे पुढचा ब्रेक दाबून मागचं चाक उचलताना, पुढच्या चाकाखाली वाटाण्याएवढा खडा आला तर काय होतं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

जागामालकाला पटवायची मामांची एक ठरलेली पद्धत होती. 1984 साली डग डोमोकोसने एका चाकावर 145 मैल काढले, ते अमेरिकेतल्या टॅलाडेगाच्या रेस ट्रॅकवर. 1991 मध्ये जपानच्या यासुयुकी कुडोने 331 किलोमीटर काढले, तेही गाड्यांच्या चाचणीच्या बंद ट्रॅकवर. "जगातले मोठमोठे लोक फाटकाच्या आत राहून विक्रम करतात, साहेब. आमच्या पोरांनी रस्त्यावर का जावं?" यावर एका मालकाने घाबरून विचारलं होतं, "म्हणजे माझ्या अंगणात 331 किलोमीटर फिरणार तुम्ही?"

आता न विचारता एक सांगतो. वॉचमनने 'या' म्हणणं म्हणजे परवानगी नव्हे. जागेवर ज्याचा कायदेशीर हक्क आहे त्याची सही हवी, आणि कागदावर 'वाहने उभी करणे' असलं गोलमोल न लिहिता 'मोटारसायकल स्टंटचा सराव' असं स्पष्ट लिहिलेलं हवं. विम्याच्या कागदावरही तेच शब्द. नाहीतर ज्या दिवशी गरज पडेल त्याच दिवशी कंपनी म्हणेल की हे कुठे ठरलं होतं. दुसरं म्हणजे, खाजगी पार्किंग खाजगीच असतं असं नाही. लोकांची ये-जा मोकळी असेल तर कित्येक देशांत वाहतुकीचे नियम तिथेही लागू होतात. म्हणून फाटक आणि कुलूप. कुलपाचं आणि माझं नातं पुढे येतंच आहे.

पहिली पाच वर्षं बरी गेली. एकाच्या चार जागा झाल्या.

मग तो आला. आमच्याकडेच सरावाला यायचा, हात चांगला होता, हे कबूल करतो. मामांनी त्याचा बार स्वतः वेल्ड करून दिला होता. त्याच्या चेसीला मागून मार बसलेला, म्हणून नेहमीपेक्षा अरुंद. वर्षभरात त्याने आमचीच पोरं गोळा केली आणि वाहतुकीला अजून न उघडलेल्या एका नव्या रस्त्यावर पहाटे सराव सुरू केला. फॉर्म नाही, विमा नाही, पैसे आमच्या निम्मे. "सरावाला जागा नाही, जिगर लागते," हे त्याचं वाक्य पोरांच्या तोंडी झालं. न उघडलेल्या रस्त्यावर काम करणारे मजूर असतात, रोलर असतो, उलट्या दिशेने येणारा डंपर असतो. हे सांगणारा मी म्हातारा ठरलो. वय वर्षं 36!

त्या रस्त्यावर पहारा बसला आणि एका रविवारी रात्री आमच्या सगळ्यात मोठ्या जागेचं कुलूप तुटलं.

सोमवारी सकाळी मालकांचा फोन आला. आम्ही पोचलो तेव्हा ते फाटकात हाताची घडी घालून उभे होते. डांबरावर रबराची काळी कडी. बर्नआउटच्या, म्हणजे गाडी जागीच धरून मागचं चाक गरगर फिरवण्याच्या, उष्णतेने डांबर मऊ पडून मधली खडी उपटून निघालेली, बोट घातलं तर पहिलं पेर बुडत होतं. साइड स्टँडची गोल भोकं मी 11 मोजली. एका कोपऱ्यापासून गटाराच्या जाळीपर्यंत इंजिन ऑइलचा ओघळ. आणि मधोमध बार घासल्याचे दोन समांतर ओरखडे. मामा गुडघ्यावर बसले, दोन ओरखड्यांमधलं अंतर मोजलं आणि खडूने बाजूला आकडा लिहिला. मग तो हातानेच पुसून टाकला. मला म्हणाले, "माझंच काम आहे हे." त्यापुढे नाव घेतलं नाही, मलाही घेऊ दिलं नाही. मी आजही घेत नाही, पण विसरलोही नाही.

मालकांचं म्हणणं चार शब्दांचं होतं: "कुलूप तुमच्या ताब्यात होतं." करारात तसंच लिहिलं होतं, मीच लिहिलं होतं. डांबराची दुरुस्ती आमच्या खिशातून झाली. जागामालक एकमेकांशी बोलतात हे तेव्हा कळलं: 9 दिवसांत उरलेल्या तिन्ही जागा गेल्या. विम्याचा हप्ता वाढला. पुढचे सात महिने आमच्याकडे एक झाडू, एक टूलबॉक्स आणि शून्य जागा. भाच्याला हिशेबाला बसवलं होतं, तो याच काळात मला न सांगता दुसरीकडे चिकटला. घरच्या माणसाला हिशेबाला बसवू नका. ना रागावता येत, ना काढता येत.

बंद करायचं ठरलंच होतं. ते लांबलं ते ताईंमुळे. ताई रात्रपाळीच्या नर्स, ड्यूटी संपवून थेट सरावाला येणाऱ्या. पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. पहिले दोन महिने त्यांनी पुढचं चाक वीतभरसुद्धा उचललं नव्हतं, नुसता मागचा ब्रेक. गाडी पाठीवर पडू लागली की तोच वाचवतो, म्हणून आधी तो, हे त्यांचं म्हणणं. जागा गेल्याचं कळवलं तर त्यांनी विचारलं, "दादा, वही आहे ना? माझे तास लिहून ठेवा." दर महिन्याला चार तासांचे पैसे आगाऊ यायचे, नसलेल्या जागेचे. सात महिन्यांत वहीत 28 तास जमले. मधल्या काळात त्या मामांच्या शेडमध्ये यायच्या आणि बंद गाडीवर मागे सरकून बसत, जिथून पाय पेडलपर्यंत पोचत नाही, तिथून डाव्या हाताशी बसवलेला मागच्या चाकाचा ब्रेक एका बोटाने दाबायचा सराव करायच्या. तासभर. आवाज फक्त लिव्हरचा.

आठव्या महिन्यात एका बंद गोदामाचं काँक्रीटचं आवार मिळालं. गो-कार्टचा ट्रॅकही मिळत होता, पण तो म्हणजे पट्टी. कडेला कर्ब, लगेच टायरांची भिंत. आम्हाला चौक लागतो. काँक्रीटच्या सांध्यांतलं गवत मामांनी खुरप्याने काढलं, सहा दिवस. मालकाने कारण विचारलं, तर म्हणाले, "इथे चाक अडकलं तर तुमचा फोन वाजेल." त्याने किल्ली दिली.

नियम तेव्हापासून कडक आहेत. साइड स्टँडखाली पत्र्याची चकती. बर्नआउट काँक्रीटवरच, तेही आखलेल्या चौकोनात. इंजिनाखाली तेल धरणारा ट्रे नसेल तर गाडी आत नाही, कारण गाडी उभी झाली की तेल मागे जातं आणि आडवी पडली की बाहेर. सायलेन्सरशिवाय प्रवेश नाही. शेजारी तक्रार करतात ती धोक्याची नाही, आवाजाची. आणि सहा रकान्यांचा फॉर्म, ज्यातला शेवटचा रकाना मामांनी सुचवला: याआधी सराव कुठे केलात, त्या जागामालकाचं नाव आणि फोन. आम्ही खरंच फोन करतो.

त्यानंतरची वर्षं चांगली गेली, आता तीन जागा आहेत. मामांचे गुडघे गेले, ते येत नाहीत, टूलबॉक्स येतो. ताईंचे वहीतले 2 तास अजून शिल्लक आहेत. त्या मुद्दाम वापरत नाहीत असा मला संशय आहे.

गेल्या महिन्यात 'त्याचा' फोन आला. आवाज लगेच ओळखला. सरावाला जागा हवी म्हणाला, जिगरीचा विषय निघाला नाही. मी फॉर्म पाठवला. पाच रकाने भरून परत आला, विम्याची प्रतही जोडलेली होती, सही नीटनेटकी. सहावा रकाना कोरा. मामांना दाखवला तर त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "थांब, त्याला वेळ दे." गुरुवारची 6 ते 8 ची वेळ तीन आठवडे मी कुणालाच दिलेली नाही.