मे महिन्यात नागपूर ते भामरागड: गाडीतला फ्रिज कोणता घ्यावा आणि कसा चालवावा

विदर्भातल्या दुकानात ‘गाडीसाठी कूलर दाखवा’ म्हटलं की समोरच्याला आधी वाळ्याच्या ताट्यांचा कूलरच आठवतो. म्हणून इथे सरळ ‘गाडीतला फ्रिज’ म्हणू. १२ व्होल्टवर चालणारी, घरी २३० व्होल्टवरही लावता येणारी, झाकण वर उघडणारी पेटी. मे महिन्याच्या मध्यावर, चार माणसं आणि तीन दिवस अशा प्रवासात दोन प्रकारच्या पेट्या एकाच गाडीत ठेवून पाहिल्या: ३५ लिटरची कंप्रेसरची (घरच्या फ्रिजसारखी) आणि २० लिटरची पेल्टियरची (कंप्रेसरशिवाय, नुसत्या विजेनं गार होणारी). पुढे कोणाला हाच रस्ता धरायचा असेल त्यांच्यासाठी ही टिपणं.

पहिल्या दिवशी नागपूर, उमरेड, भिवापूर, नागभीड, ब्रह्मपुरी, आरमोरी करत गडचिरोली, म्हणजे साधारण पावणेदोनशे किलोमीटर. दुसऱ्या दिवशी चामोर्शी, आष्टी, आलापल्ली आणि जंगलातून भामरागड, जवळपास तेवढंच अंतर. तिसऱ्या दिवशी परत. सामानात दोन किलो दही, आंब्याचा रस, दूध, शिजवून थंड केलेलं मटण, सांबार (म्हणजे कोथिंबीर) आणि मिरच्या, आणि एका प्रवाशाचं इन्सुलिन. फ्रिज कोणता हा प्रश्न खरं तर इन्सुलिननं सोडवला. दही आंबलं तर कढी करता येते, इन्सुलिनचं तसं नाही.

पेल्टियरची पेटी चार-सहा हजारांत मिळते, कंप्रेसरची पंधरा हजारांच्या पुढे. फरक एवढा मोठा असल्यानं बहुतेक जण पहिलीच उचलतात आणि मे महिन्यात तिला दोष देतात. दोष पेटीचा नाही. पेल्टियर या फ्रेंच शास्त्रज्ञानं १८३४ मध्ये दाखवलेल्या तत्त्वावर ती चालते: दोन वेगळ्या पदार्थांच्या सांध्यातून वीज गेली की एक बाजू गार होते, दुसरी तापते. तापलेली बाजू पंख्यानं निववायची, एवढीच तिची यंत्रणा. त्यामुळे बाहेरच्या हवेपेक्षा १५ ते २० अंश खाली, ही तिची हद्द. पुण्यात डिसेंबरात हवा २५ अंश असते, तेव्हा आत ७-८ अंश मिळतात आणि पेटी उत्तम वाटते. एसी चालू असताना गाडीत ३० अंश होते तेव्हा आमच्या पेटीत १४ दिसले. आष्टीला जेवायला थांबून गाडी दीड तास उन्हात राहिली, आणि परत आलो तेव्हा आत ३४. दही जेमतेम तगलं. इन्सुलिन त्यात असतं तर त्याचा भरवसा राहिला नसता.

दुकानात दोन्ही ओळखायच्या कशा? पाटी वाचायची. आर-१३४ए किंवा आर-६००ए असं वायूचं नाव आणि पुढे ग्रॅम लिहिले असतील तर कंप्रेसर. ‘बाहेरच्या तापमानापेक्षा इतके अंश कमी’ असा मजकूर असेल, किंवा गरम-थंड असा खटका असेल, तर बहुधा पेल्टियर. उचलूनही कळतं: ३० लिटरची कंप्रेसरची पेटी रिकामी असतानाच १० किलोच्या वर भरते.

पाटीवर आणखी एक गोष्ट बघावी, ती सहसा कोणी बघत नाही. हवामानाचा वर्ग. एन म्हणजे ३२ अंशांपर्यंतच्या हवेसाठी, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. गडचिरोली-चंद्रपूरकडे मे महिन्यात ४४-४५ अंश ही नेहमीची गोष्ट आहे, आणि बंद करून उन्हात लावलेल्या गाडीत ५५-६० सहज होतात. म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गाचा फ्रिजसुद्धा आपल्याकडे दुपारी हद्दीबाहेर काम करत असतो. तो बंद पडतो असं नाही, पण कंप्रेसर थांबायचं नाव घेत नाही. म्हणून टी वर्गाखालचा घेऊच नये, आणि खोक्यावरचा ‘दिवसाला इतके वॉट-तास’ हा आकडा विदर्भासाठी दीडपट-दुप्पट धरावा. ३५ लिटरला दिवसाचे ४०० ते ५०० वॉट-तास हा आमचा हिशेब, आणि प्रवासात तो जुळला.

आकारात फार अडकू नये. दोघांना २० लिटर, चौघांना ३५ पुरतं. त्यापुढची पेटी दोन माणसांशिवाय उतरवता येत नाही. एक लिटरची बाटली आत उभी राहते का, हे मात्र दुकानातच बाटली नेऊन बघा. आणि कंप्रेसरच्या वरचा उथळ कप्पा लिटरमध्ये मोजलेला असतो हे लक्षात ठेवा.

आता तयारी. इथेच निम्मं यश आहे. कोमट सामान भरून गाडीतच गार करू, हा सगळ्यात महाग पडणारा विचार. हिशेब सोपा आहे. १० लिटर पाणी ४० अंशांवरून ५ अंशांवर आणायला सुमारे ४०० वॉट-तास उष्णता बाहेर काढावी लागते. छोटा कंप्रेसर ४५ वॉट खाऊन ताशी साधारण ६० वॉट-तास काढतो, म्हणजे फक्त पाण्यासाठी सहा-सात तास. पेल्टियर तेवढीच वीज खाऊन १५-२० काढतो, त्याचा दिवस त्यातच संपेल. म्हणून आदल्या संध्याकाळी फ्रिज घरच्या विजेवर लावायचा, २ अंशांवर ठेवायचा, आणि सामान घरच्या फ्रिजमधून गार झालेलंच त्यात भरायचं. पोकळ जागा ठेवू नका, उरलेल्या जागेत गार पाण्याच्या बाटल्या कोंबा.

सोबत एक लिटरच्या दोन बाटल्या, पाऊण भरून, घरच्या फ्रीझरमध्ये दगडासारख्या गोठवून घ्याव्यात. एक किलो बर्फ वितळताना ९३ वॉट-तास उष्णता गिळतो. पाऊण-पाऊण किलोच्या या दोन बाटल्या म्हणजे जवळपास १४० वॉट-तास. दुपारी गाडी बंद असताना तीन-साडेतीन तास एवढ्यावर निभतं, बॅटरीला हात न लावता. बर्फाची लादी फोडून टाकण्यापेक्षा बाटल्या बऱ्या. पाणी सांडत नाही, आणि बर्फ कुठल्या पाण्याचा हा प्रश्नच उरत नाही. (बाजारचा बर्फ घ्यायची वेळ आलीच तर निळसर दिसणारा पेयात टाकू नका, तो रंग खाण्यायोग्य नसलेल्या बर्फासाठी असतो.) आलापल्लीनंतर बर्फ मिळेल यावर विसंबू नका. डिझेल-पेट्रोलही आलापल्लीलाच भरून घ्या.

प्यायचं पाणी मात्र फ्रिजमध्ये घालू नका. त्यासाठी आपल्याकडे त्याहून चांगला उपाय आहे. मे महिन्यात विदर्भातली हवा इतकी कोरडी असते की माठातलं किंवा कॅनव्हासच्या छागलीतलं पाणी बाष्पीभवनानं २५-२६ अंशांपर्यंत उतरतं, तेही फुकट. छागल गाडीच्या बाहेर सावलीच्या बाजूला टांगली की वाऱ्यानं आणखी गार होते. चौघांना दिवसाला १५-१६ लिटर पाणी लागतं. तेवढं फ्रिजनं गार करायचं म्हणजे दह्या-दुधासाठी काही उरतच नाही. मृग लागून हवा दमट झाली की ही सोय संपते, तेव्हाचा हिशेब निराळा.

भरताना खालचा थर आणि भिंतीला लागून गोठवलेल्या बाटल्या, मटण, दूध. सांबार, मिरच्या, अंडी कंप्रेसरवरच्या उथळ कप्प्यात, कारण तिथे सगळ्यात कमी थंडी असते. इन्सुलिनही तिथेच, छोट्या डब्यात, टॉवेलच्या दोन घड्यांत. न उघडलेल्या इन्सुलिनला २ ते ८ अंश लागतात. शून्याखाली गेलेलं इन्सुलिन पुन्हा वितळून स्वच्छ दिसलं तरी वापरायचं नसतं, आणि नुसतं बघून ते ओळखता येत नाही. पडद्यावरचा आकडा भिंतीतल्या सेन्सरचा असतो, डब्यातला नाही. पडद्यावर ४ असताना तळाशी उणे १ आणि वर ७ असं आम्ही मोजलं. दोन-तीनशे रुपयांचा वायरवाला थर्मामीटर घेऊन त्याचं टोक इन्सुलिनच्या डब्यात ठेवा आणि फ्रिजचा आकडा त्यावरून लावा. आमचा ५ वर स्थिरावला. भरपूर सामान आणि इन्सुलिन एकत्र असेल तर ‘मॅक्स’ किंवा ‘टर्बो’चं बटण दाबूच नका.

फ्रिज ठेवायचा कुठे? एसीची हवा पोचते तिथे. उंच गाडीत मागच्या सीटमागे, सेडानमध्ये मागच्या सीटवर पट्टा लावून. सेडानच्या बंद डिक्कीत नको. तिथे हवा खेळत नाही आणि कंप्रेसर स्वतःच्याच गरमीत शिजतो. जाळीच्या बाजूला हाताची वीत, किमान १५ सेंटिमीटर, मोकळी ठेवा. नेमकी इथेच प्रवासात बॅग सरकून येते, म्हणून फ्रिज आणि बॅग दोन्ही पट्ट्यानं बांधा. वरून सुती गोधडी टाकली तर फायदा होतो, पण जाळी उघडी ठेवून. चढउताराला घाबरू नका, ३० अंशांपर्यंतचा कल बहुतेक मॉडेल सहन करतात. पेटी आडवी झाली असेल तर मात्र उभी करून काही तास तशीच ठेवा आणि मगच चालू करा. तेल कंप्रेसरमध्ये परत उतरावं लागतं.

आलापल्ली सोडल्यावर रस्ता बिघडतो आणि खरी परीक्षा तिथे होते. भामरागडच्या अलीकडे, इंजिन चालू असताना, फ्रिज बंद पडला आणि पडद्यावर ई-१. बऱ्याच मॉडेलवर याचा अर्थ व्होल्टेज कमी. मल्टीमीटर लावला तर बॅटरीवर १३.९, आणि फ्रिजच्या प्लगपाशी, कंप्रेसर सुरू व्हायला लागला की, ११.२. मधले २.७ व्होल्ट कुठे गेले? फ्रिजचा प्लग लावला होता त्या लायटरच्या सॉकेटला हात लावल्यावर कळलं, बोट टेकवत नव्हतं. त्या प्लगच्या टोकाला स्प्रिंगवरची एक बारीक पिन असते. खड्ड्यांनी प्लग अर्धा मिलिमीटर मागे सरकतो, पिन टेकते पण दाबून बसत नाही. साडेचार अँपिअर त्यातून जाताना जवळपास १२ वॉटची उष्णता त्या एवढ्याशा टोकात साचते. प्लास्टिक मऊ पडतं, पकड आणखी सैल होते, आणि फ्रिजला वाटतं बॅटरी संपली. प्लग काढून पिन आणि आतले पत्रे कोरड्या कपड्यानं पुसले, बाजूच्या पट्ट्या किंचित बाहेर ओढल्या, प्लग घट्ट बसवून चिकटपट्टीनं बांधला. बॅटरी-रक्षणाचा खटका (व्होल्टेज किती उतरल्यावर फ्रिजनं थांबायचं ते ठरवणारा: ‘एच’ लवकर, ‘एम’ मध्यम, ‘एल’ उशिरा) ‘एच’वरून ‘एम’वर आणला, आणि फ्रिज सुरू. तात्पुरतं ठीक आहे. कायमचा इलाज वेगळी वायर.

ऑटो इलेक्ट्रिशियनकडे तासाभराचं काम आहे. बॅटरीपासून मागपर्यंत चार मीटर धरले तर जाऊन-येऊन आठ मीटर तांबं होतं. ०.७५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली तर पाच अँपिअरला जवळपास १ व्होल्ट वायरमध्येच जातो. २.५ ची टाकली तर ०.३ व्होल्ट. ४ ची मिळाली तर उत्तम. अर्थिंग गाडीच्या पत्र्यावर न सोडता ऋण वायरही बॅटरीपर्यंत न्या. धन टोकाला, बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत, १५ अँपिअरचा फ्यूज. तो मागे सॉकेटजवळ लावून उपयोग नाही, मधली वायर घासून पत्र्याला लागली तर आग थांबवणारा तोच असतो. पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बुश, सायलेन्सरपासून लांब, आणि मागे लायटरच्या सॉकेटऐवजी फिरवून आवळायचा किंवा अँडरसन पद्धतीचा (दोन तोंडं एकमेकांत घट्ट बसणारा) जोड.

गाडी उभी असतानाचा नियम साधा आहे. गाडीच्याच बॅटरीवर चालवायचं तर खटका ‘एच’वर. इंजिन चालू असताना ‘एम’ किंवा ‘एल’ चालतो. रात्री ३२ अंशांच्या आसपास आमच्या फ्रिजनं नऊ तासांत ११-१२ अँपिअर-तास घेतले. ६० अँपिअर-तासांची तब्येतीत असलेली बॅटरी हे सहन करते, छोट्या गाडीची ३५ ची, तीही तीन उन्हाळे बघितलेली, नाही. सकाळी इंजिन सुरू करण्याआधी १२.२ व्होल्टच्या खाली दिसलं तर पुढच्या रात्री फ्रिज बंद ठेवा. पेल्टियरच्या बहुतेक पेट्यांना असा खटकाच नसतो. ती सतत चार अँपिअर ओढत राहते, दहा तासांत ४० अँपिअर-तास, आणि भामरागडला पहाटे धक्का मारायला माणसं शोधावी लागतात. वेगळी लिथियम फॉस्फेट बॅटरी घेतली, १२.८ व्होल्ट ५० अँपिअर-तास, तर पूर्ण दिवस निघतो. पण तीही उन्हात लावलेल्या गाडीत तापते, आणि ४५ अंशांच्या वर तिला चार्ज करू नये. सीटखाली सावलीत ठेवा, आणि गाडी गार झाल्यावरच चार्जर जोडा.

मुक्कामाच्या ठिकाणी वीज असेल तर फ्रिज तिथे लावावा. सोबतचा अडॅप्टर १०० ते २४० व्होल्टचा असेल तर गावातलं कमी व्होल्टेज त्याला चालतं. वीज जाऊन परत येताना मात्र झटका बसतो, म्हणून वीज गेली की प्लग काढा आणि ती परत आल्यावर पाच मिनिटांनी लावा.

परतीला आष्टीपर्यंत जाळीवर तांबड्या धुळीचा थर बसला होता आणि कंप्रेसर थांबत नव्हता. जुना दातांचा ब्रश फिरवला आणि वीस मिनिटांत तो पुन्हा थांबून-थांबून चालू लागला. घरी आल्यावर सोड्याच्या पाण्यानं आतून पुसा, तळाचं बूच असेल तर काढून पाणी निथळू द्या, आणि झाकणाच्या फटीत लाकडाचा तुकडा अडकवून दोन दिवस सावलीत उघडं ठेवा. मटणाचा वास रबरी पट्टीत बसला की पुढच्या वेळी दह्याला लागतो.