सांगलीच्या पुरात लष्कर बोलावताना

ऑगस्ट 2019 मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात लष्कर, नौदल आणि एनडीआरएफ (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल) एकत्र उतरले होते. अशा वेळी मागणी नागरी प्रशासनाने करायची असते. काम जिल्हाधिकारी सांगतात, ते कसं करायचं हे लष्करी अधिकारी ठरवतो, आणि जवान त्याच्याच हुकमाखाली राहतात. तातडी असेल तर जवळच्या तळाला थेट कळवता येतं, कागद मागून जातात.

मागणीपत्रात "दोन तुकड्या पाठवा" लिहिणं हा नेहमीचा घोळ. किती माणसं, कुठल्या वाडीत, पाणी किती, प्रवाह कसा, बोट कुठून सोडायची, हे लिहा.

खरी अडचण पाण्याखाली. उसाचा पाला बोटीच्या इंजिनाच्या पंख्यात गुंततो, कुंपणाची तार रबरी बोट फाडते. म्हणून प्रत्येक बोटीत गावचा पोलीस पाटील किंवा कोतवाल हवाच. बांध, विहिरी त्यालाच ठाऊक. पाणी चढलं की वरच्या वीजतारा हाताशी येतात, तेव्हा महावितरणकडून पुरवठा बंद झाल्याची खात्री आधी करा. बोटीत क्षमतेपेक्षा एकही माणूस जास्त नको. 2019 च्या त्याच पुरात ब्रह्मनाळ गावाजवळ उलटलेली बोट आठवा.

आणि हो, पोलीस व लष्कराचे वायरलेस एकमेकांशी बोलतीलच असं नाही. नियंत्रण कक्षात लष्कराचा एक माणूस बसवा.