लाल नंबरप्लेटची कोरी गाडी

गेल्या मे महिन्यात आम्ही दोघे लातूरहून फ्रान्समधल्या ल्यों शहरात शिकणाऱ्या मुलीकडे गेलो, तेव्हा पाच आठवड्यांच्या भटकंतीसाठी भाड्याची गाडी न घेता अल्पमुदतीच्या लीजची गाडी घेतली. ही सोय आपल्याकडे फारशी कुणाला ठाऊक नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

रेनो, प्यूजो, सित्रोएन या फ्रेंच कंपन्यांच्या गाड्या या योजनेत मिळतात. युरोपीय संघाबाहेर राहणाऱ्या प्रवाशाला कोरी गाडी करमुक्त दिली जाते, ती ठरावीक मुदतीसाठी त्याच्याच नावावर नोंदवली जाते आणि मुदत संपताच कंपनी ती परत घेते. आठ-दहा दिवसांच्या प्रवासासाठी भाड्याचीच गाडी बरी. परंतु मुक्काम तीन आठवड्यांहून लांबला, तर माझ्या मते लीजला तोड नाही, कारण विमा लीजच्या रकमेतच येतो आणि अपघात झाल्यास नुकसानीचा पहिला वाटा आपल्या खिशातून भरावा लागत नाही. परक्या देशात, रस्त्याच्या उजव्या बाजूने, डावीकडच्या स्टिअरिंगवर गाडी चालवताना ही निश्चिंती फार मोलाची वाटते. गाडी मात्र काही आठवडे आधी मागवावी लागते, आणि फ्रान्सबाहेरच्या शहरात ताबा हवा असल्यास जादा रक्कम पडते.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना मी लातूरच्या आरटीओतून काढला होता. तो मूळ परवान्यासोबतच चालतो, त्यामुळे दोन्ही परवाने आणि पासपोर्ट एकाच पाकिटात ठेवले होते.

विमानतळाजवळच्या केंद्रात ताबा देणारा तरुण अतिशय आदबशीर होता, आणि दहा मिनिटांत सह्या उरकून निघता आले असते. पण औशाजवळच्या आमच्या गावी पहिला ट्रॅक्टर आला तेव्हा वडील म्हणाले होते, "गाडी पळून जात नाही, कागद आधी बघ." त्या सवयीने मी नोंदणीचा कागद अक्षर अक्षर वाचला आणि आडनावाच्या रकान्यात वडिलांचे नाव छापलेले दिसले. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. तिकडच्या अर्जात दोनच रकाने असल्याने हा घोटाळा सहज होतो. पोलिसांनी वाटेत अडवले असते, तर पासपोर्ट आणि कागद यांवरची नावे जुळली नसती. त्या तरुणाने चूक मान्य करून नवे कागद काढून दिले. त्यात पाऊण तास गेला, पण तो सत्कारणी लागला असे मी मानतो.

गाडीवरची नंबरप्लेट लाल होती, त्यावर पांढरी अक्षरे आणि कडेला मुदतीचा महिना व वर्ष. मीटरवर अवघे अकरा किलोमीटर. "अहो, थांबा," म्हणत हिने पर्समधली कुंकवाची डबी काढली आणि बॉनेटवर बोट टेकवले. मुलीसह आम्हा तिघांचे हात आपोआप जोडले गेले. मग फ्रान्समध्ये सक्तीचे असलेले परावर्तक जाकीट आणि धोक्याचा त्रिकोण गाडीत असल्याची खात्री करून घेतली.

टाकीत पेट्रोल जेमतेम होते. या गाड्या तशाच देतात, म्हणून पहिला मुक्काम पंपावरच करावा. तेथे 'गाझोल' असे लिहिलेली नळी दिसली. गॅसोलीन म्हणजे पेट्रोल हे डोक्यात असल्याने मी तीच उचलली होती. पण फ्रेंचमध्ये गाझोल म्हणजे डिझेल. मुलगी म्हणाली, "बाबा, आधी झाकणाच्या आतलं चिन्ह बघा." तेथे वर्तुळात 'ई १०' होते. युरोपात पेट्रोलला वर्तुळ आणि डिझेलला चौकोन अशी खूण असते. मी नळी जागेवर ठेवली, वर्तुळाची शोधून काढली आणि टाकी पूर्ण भरून घेतली.