विजेच्या मीटरचं रीडिंग दर मिनिटाला सर्व्हरवर : माझा अनुभव

बिल येतं तेव्हा महिना संपलेला असतो. महावितरणच्या घरगुती दरात १००, ३०० आणि ५०० युनिटला स्लॅब बदलतो आणि पुढचं प्रत्येक युनिट महाग पडतं. महिना चालू असतानाच आपण कुठवर आलोय, हे मला बघायचं होतं.

आधी एक सांगतो. मीटरचं सील किंवा वायर यांना हात लावायचा नाही, आणि तशी गरजही पडत नाही. डिजिटल मीटरवर लाल दिवा लुकलुकत असतो. आमच्या मीटरवर त्याच्याशेजारी ३२०० हा आकडा छापलाय, म्हणजे दिवा ३२०० वेळा लागला की एक युनिट. दिवा दोनदा लागण्यात जितके सेकंद गेले, त्यानं ११२५ ला भागलं की घरात त्या घडीला किती वॅट चालू आहेत ते कळतं. दोन किलोवॅटचा गिझर लावला की दिवा साधारण अर्ध्या सेकंदाला लागतो.

मीटरच्या पेटीच्या काचेवर बाहेरून, बरोबर दिव्यासमोर, फोटोट्रान्झिस्टर (उजेड ओळखणारा छोटा सुटा भाग) बसवला. सकाळी व्हरांड्यात ऊन येतं, म्हणून वरून काळी टेप गुंडाळली. मोजायला ईएसपी३२ हा वायफाय असलेला, प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड घेतला. इथवर काम सोपं.

खरा विचार करावा लागला तो सर्व्हरला काय पाठवायचं याचा. 'या मिनिटात इतकी वीज' असं पाठवलं आणि नेट गेलं, तर तेवढी वीज हिशेबातून कायमची जाते. म्हणून मी सुरुवातीपासूनची एकूण मोजणी पाठवतो. मधल्या दहा नोंदी पोचल्या नाहीत तरी अकरावी आली की बेरीज बरोबर असते. लाइट गेली की बोर्ड बंद पडतो, पण तेव्हा मीटरही थांबलेला असतो. लाइट आल्यावर राउटर सुरू व्हायला वेळ लागतो, तोवर बोर्ड शून्यापासून मोजत राहतो आणि नेट मिळालं की सर्व्हरकडचा शेवटचा आकडा मागवून त्यात ही मोजणी मिळवतो.

डेटाबेसमध्ये वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत ठेवलीय. आपली मध्यरात्र तिथे आदल्या संध्याकाळचे १८:३० असते, त्यामुळे रोजची बेरीज करताना साडेपाच तास धरावेच लागतात. आणि हा डेटा पासवर्डशिवाय उघडा ठेवू नका. घरात कोणी नाही, हे त्यावरून कुणालाही कळेल.

सगळ्यात उपयोगी पडली ती वॅटच्या आलेखातली रात्रीची रेषा. फ्रीज थांबलेला असतानाही ती शून्याला टेकत नव्हती. सेटटॉप बॉक्स, राउटर, इन्व्हर्टर असं काही ना काही चालूच असतं. अशी चोवीस तासांची ४० वॅटसुद्धा महिन्याला जवळजवळ २९ युनिट होतात. सेटटॉप बॉक्स आता आम्ही झोपताना भिंतीवरच्या बटणापासून बंद करतो.

दर महिन्याच्या १ तारखेला मीटरवरचा आकडा वाचून सर्व्हरशी ताडून बघतो. फरक निघाला तर मीटरचा आकडा खरा धरायचा आणि मोजणी तिथून पुढे चालू करायची.