लेखकाचा रकाना

बल्गेरियाच्या राजधानीत, सोफियात, जुन्या स्लाव्ह हस्तलिखितांच्या नोंदी करणं हे माझं रोजचं काम. एरवी नोंदी भराभर हातावेगळ्या होतात. मनासिसच्या बखरीनं मात्र अख्खी दुपार घेतली, तीही 'लेखक' या एका रकान्यापायी.

वरवर पाहता प्रश्नच नव्हता. कॉन्स्टंटाइन मनासिस हा बाराव्या शतकातला बायझंटाइन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्यातला, लेखक. जगाच्या उत्पत्तीपासून १०८१ पर्यंतचा इतिहास त्यानं ग्रीक पद्यात लिहिला. चौदाव्या शतकात बल्गेरियाचा राजा झार इव्हान अलेक्झांडर याच्यासाठी त्याचं बल्गेरियन गद्यात भाषांतर झालं. त्याची ६९ चित्रांची प्रत व्हॅटिकनच्या ग्रंथालयात आहे. पहिल्याच चित्रात मधोमध झार, एका बाजूला ख्रिस्त, दुसऱ्या बाजूला खुद्द मनासिस. भाषांतरकाराला जागा नाही.

ग्रीक आणि बल्गेरियन पाठ शेजारी शेजारी लावून मी वाचत होते. वँडल या जर्मानिक टोळीनं जुनं रोम लुटलं ते सांगून मनासिस नव्या रोमची, म्हणजे कॉन्स्टँटिनोपलची थोरवी गातो आणि ओघात आपल्या सम्राटाची, मॅन्युएल कोम्नेनोसची स्तुती करतो. बल्गेरियन पाठात त्या जागी मॅन्युएल नाही, इव्हान अलेक्झांडर आहे. मखर तेच, मूर्ती दुसरी. हे आधीपासून ठाऊक होतं, तरी ओळीला ओळ लावून पाहिल्यावर अंगावर काटा आला. ज्या राजवटीशी बल्गेरियन पिढ्यान्‌पिढ्या लढले, तिच्याच स्तुतीत कुणीतरी आपला राजा आणून बसवला होता.

पुढे तर मनासिसनं न लिहिलेल्या ओळीच लागतात. बायझंटाइन सम्राट अनास्तासिउसच्या काळात बल्गेरियन लोक ब्दिनपाशी, म्हणजे आजच्या विदिनजवळ, नदी ओलांडून आले आणि ही भूमी घेऊ लागले, असं त्यातली एक ओळ सांगते. 'ही भूमी' म्हणजे लिहिणाऱ्याच्या पायाखालची. ग्रीक पद्यात तिला कुठलं स्थान असणार?

विभागातल्या ज्येष्ठ बाई म्हणाल्या, "मनासिसच टाक. लोक त्याच नावानं शोधतात."

"आणि या ओळी कुणाच्या नावानं शोधायच्या?" मी विचारलं.

त्या गप्प राहिल्या. याच भाषांतराच्या, आता मॉस्कोत असलेल्या १३४५ च्या प्रतीत नकलणाऱ्या फिलिप नावाच्या धर्मगुरूनं आपलं नाव नोंदवलंय. म्हणजे मूळ ग्रीक लेखक माहीत, नक्कल करणारा माहीत, आणि बल्गेरियाचा इतिहास ज्यानं त्यात घातला तोच निनावी. जुन्या बल्गेरियन लेखनात हे नवं नाही. प्राचीन खानांच्या, म्हणजे आरंभीच्या बल्गेरियन राज्यकर्त्यांच्या, यादीला कर्त्याचं नाव नाही, आणि एका बखरीत तर सगळी हकिकत बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या तोंडी घातली आहे. पण निनावी म्हणून त्याचं लेखकपण नाकारणं मला पटत नव्हतं.

शेवटी बाईंनी तोडगा काढला. मुख्य नोंद मनासिसच्या नावे, त्याखाली 'अनामिक बल्गेरियन भाषांतरकार', आणि बल्गेरियन भर स्वतंत्र नोंदीत. भर घालणारा भाषांतरकारच होता असं धरून चालायचं नाही, म्हणून तिथे 'अनामिक' एवढंच. त्यांची अट एकच होती, प्रत्येक ओळीचा पानक्रमांक द्यायचा. मी लगेच अनास्तासिउसपासून सुरुवात केली.