तुम्ही विचारलंत म्हणून: पहिल्याच दिवशी, त्याच गर्दीत का?

दर फेब्रुवारीत आमच्या मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमाची तारीख ठरायला लागते आणि दर फेब्रुवारीत मी म्हणते, एप्रिलचा पहिला शनिवार सोडून कुठलाही ठेवा, त्या दिवशी इथे मासेमारीचा हंगाम उघडतो आणि मी ओढ्यावर असते. मग तोच प्रश्न येतो. मासेच खायचेत तर दुकानात मिळतात की. गळ टाकून बसायची हौस असेल तर मे महिन्यात जा, तेव्हा काठावर चिटपाखरू नसतं. त्या थंडीत पहाटे चारला उठून, माणसाला माणूस खेटून उभं राहायला कशाला जाता? आणि ज्यांच्या कानावर २०२२ ची हकिगत अर्धीमुर्धी गेली आहे ते आवाज खाली आणून पुढचंही विचारतात: पाडव्याच्या दिवशी, तेही वडिलांना घेऊन?

आजवर मी विषय बदलत आले. आता एकदा सगळं सांगते.

आधी गर्दीचं. इथे अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, ट्राउट या गोड्या पाण्यातल्या माशाचा हंगाम एप्रिलच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठला उघडतो. त्याआधी फेब्रुवारीच्या मध्यापासून ट्राउट सोडलेले ओढे बंद असतात. राज्याचं मत्स्यखातं दर वर्षी तीस लाखांहून जास्त ट्राउट हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवून ठिकठिकाणी सोडतं, आणि ते चालतं आमच्यासारख्यांच्या लायसन्सच्या पैशांवर. सोडल्यावर माशांना पसरायला वेळ मिळावा, टँकर ज्याच्या दाराशी थांबला त्यानेच सगळे उचलू नयेत, म्हणून ही बंदी. मार्चमध्ये टँकर येतो तेव्हा मी जाते. आम्ही दहा-बारा जण रांगेने उभे राहून पाण्याने भरलेल्या बादल्या हातोहात काठापर्यंत नेतो. एका बादलीत सात-आठ मासे असतात. एखादा शेपटी आपटतो आणि बर्फासारखं पाणी थेट तोंडावर येतं. ज्या माशासाठी एप्रिलमध्ये उभी राहते तो कधीकधी मीच वाहून आणलेला असतो. हे मी लपवत नाही. ‘पाळलेले मासे पकडण्यात कसला पराक्रम’ असं म्हणणाऱ्यांना माझ्याकडून एवढंच, की पराक्रमासाठी मी कधी गेलेच नव्हते.

आणि हे मासे मेमध्ये पकडा, जूनमध्ये पकडा, हे सांगणाऱ्यांना ट्राउट माहीत नाही. त्याला गार पाणी लागतं. पाणी वीस-एकवीस अंशांच्या वर गेलं की त्याला श्वास पुरत नाही. उन्हाळ्यात कितीतरी ओढे तेवढे तापतात. तिथे सोडलेला मासा बहुतेक पकडला जाण्यासाठीच सोडलेला असतो, एवढं सरळ आहे ते. लिटल लीहाय हा आमचा ओढा त्यातल्या त्यात बरा, त्याला चुनखडीतले झरे मिळतात. पण मुळात सगळ्यांसाठी सोडलेला मासा सगळ्यांनी एका वेळी पकडायला सुरुवात करायची, हीच या दिवसाची कल्पना आहे. गर्दी त्यातच धरलेली आहे.

२०१८ च्या मंडळाच्या दिवाळी अंकात मी याच्या बरोबर उलट लिहिलं होतं, हेही तुम्ही मला आठवण करून देता. ‘ही मासेमारी नव्हे, हा बाजार आहे’ हे वाक्य माझंच. तेव्हा मला काठीला फ्लाय, म्हणजे पिसांचा खोटा किडा, बांधून गुडघाभर पाण्यात एकटं उभं राहणारी माणसं फार मोठी वाटायची, आणि घडीच्या खुर्च्या, शीतपेटी, पोराबाळांसह आलेली माणसं गावंढळ वाटायची. त्या लेखात तुटलेल्या दोऱ्या झाडांवर लोंबतात असं लिहिलं होतं. लोंबतात. गांडुळांच्या रिकाम्या डब्या काठावर पडतात असंही होतं. पडतात, मी दर वर्षी दोन पिशव्या भरून उचलते. म्हणजे तो लेख लिहिणारी ती बाई सगळंच खोटं बोलत नव्हती. पण ‘गावंढळ’ हा शब्द तिने कुठून आणला होता, याचा हिशेब मला नंतर द्यावा लागला.

तिला हवं होतं तसं मला एकदा मिळालंही. २०२० साली करोनात गर्दी होऊ नये म्हणून खात्याने आधी न सांगता ७ एप्रिलला, मंगळवारी सकाळी आठला, हंगाम उघडून टाकला. मी घरूनच काम करत होते, बातमी वाचून तासाभराने गेले. शंभर पावलांवर एक म्हातारे गृहस्थ, बाकी कुणी नाही. तीन मासे मिळाले. एक सोनेरी ट्राउट होता, तो पिवळाधमक मासा ज्याच्यासाठी पहिल्या दिवशी दोन्ही काठांवरून दोऱ्या पडतात. मी तो वर काढला आणि दाखवायला आजूबाजूला पाहिलं. त्या गृहस्थांनी लांबूनच हात वर केला. मी मासा बादलीत टाकला आणि घरी आले. त्या दिवशी मला चढण आठवली.

चढण तुमच्यातल्या कोकणातल्या माणसांना सांगायला नको, बाकीच्यांसाठी थोडक्यात. मृगाचा पाऊस दोन-तीन दिवस सलग लागला की नदीतले मासे अंडी घालायला वहाळांतून, पऱ्यांतून वर शेतांकडे चढतात. त्या रात्री अख्खा गाव बाहेर असतो. बत्त्या, इरली, बांबूच्या खोयनी, कुणाच्या हातात नुसता कोयता. आमचं गाव चिपळूणजवळ, वाशिष्ठीच्या काठाला. बाबा हातांनी धरायचे. दगडाच्या फटीत दोन्ही हात हळू सरकवायचे, मासा पोटाखालून तळव्यावर आला की अंगठा कल्ल्याशी. मी मागे बत्ती धरून उभी. आठवीत असताना मी त्यांना म्हटलं होतं, बाबा, पोटात अंडी असतात, पाप लागेल. ते म्हणाले, “बाय, सगळे थोडे थोडे धरतात, म्हणून पुरतात.” आता वाचते की चढणीला धरण्यानेही नद्यांतले मासे घटत चाललेत. तेव्हा कोण बरोबर होतं, मला ठरवता येत नाही.

बाबा आमच्याकडे आले २०२२ च्या मार्चमध्ये. आदल्या जुलैत, २२ तारखेला, चिपळूणला पूर आला होता. आमच्या घरात पाणी छातीपर्यंत होतं. आई माळ्यावर, बाबा खिडकीच्या गजांना धरून. त्यानंतर ते फारसं बोलायचे नाहीत. आई म्हणाली, महिनाभर तुझ्याकडे ने, पाण्याच्या आवाजाने झोपत नाहीत. आणि मला सुचलं काय, तर त्यांना ओढ्यावर न्यावं.

त्या वर्षी हंगाम २ एप्रिलला उघडत होता. २ एप्रिललाच पाडवा. बाबा म्हणाले, गुढी उभारून जाऊया. मी म्हटलं, सूर्य उगवेपर्यंत थांबलो तर जागा मिळणार नाही, गुढी आल्यावर. ते काही बोलले नाहीत. त्यांचं पर्यटकाचं लायसन्स, ट्राउटचा परवाना, सगळं मी रीतसर काढलं होतं. साडेपाचला आम्ही अ‍ॅलनटाउन शहरातल्या पार्कवेत, म्हणजे ओढ्याकाठच्या बागेत, लाकडी छताच्या जुन्या पुलापासून थोडं खाली, आमच्या दोन बादल्या काठावर ठेवल्या. बादली ठेवली की जागा तुमची, तिथला अलिखित नियम आहे. सहापर्यंत दोन्ही काठ भरले. मी बाबांना सांगत होते: गळ समोरच टाकायचा, तिरका नाही. प्रवाहाने दोरी खाली गेली की गुंडाळायची. शेजाऱ्याच्या गळाला लागलं की तो ओरडेल, मग आपली दोरी लगेच बाहेर. ते मान हलवत होते. बोटं थंडीने पांढरी पडली होती. डावीकडे एक सत्तरीचे गृहस्थ होते, त्यांनी थर्मासमधली कॉफी बाबांपुढे धरली, बाबांनी दोन्ही हातांनी घेतली.

आठ वाजले. एकदम शेकडो रिळांचा आवाज झाला. बाबा दचकले आणि मग मोठ्याने हसले. पुरानंतर पहिल्यांदा.

वीसेक मिनिटांनी त्या शेजाऱ्यांना मोठा मासा लागला. आम्ही दोऱ्या गुंडाळल्या. काठाशी आल्यावर गळ सुटला आणि मासा उथळ पाण्यात, दोन दगडांच्या मध्ये अडकला. मी पाहत होते. बाबांनी काठी खाली ठेवली. वाकले. दोन्ही हात दगडाखाली, अगदी सावकाश, जसे मी बत्तीच्या उजेडात पाहिले होते. आणि मासा त्यांच्या तळव्यांवर वर आला, ओला, कुशीवर गुलाबी पट्टा असलेला, तोंड उघडत-मिटत. त्यांनी तो खांद्यापर्यंत उचलून माझ्याकडे धरला.

पलीकडच्या काठावर कुणी टाळ्या वाजवल्या. कुणी शिट्टी मारली. तीन-चार मोबाइल वर झाले. आणि एक माणूस ओरडला की हाताने धरणं बेकायदा आहे, सोड तो.

नियम खरा आहे. ट्राउट गळानेच धरायचा. पण गळाला लागून सुटलेला, काठाशी अडकलेला मासा शेजाऱ्यासाठी हाताने उचलणं म्हणजे धरणं की मदत करणं, यावर मी मनातल्या मनात कितीदा वाद घातला आहे. ज्यांचा मासा होता ते शेजारी काहीच म्हणाले नव्हते. तेव्हा मला यातलं एक अक्षर सुचलं नाही. मला फक्त ते मोबाइल दिसत होते. मी मराठीत ओरडले, “सोडा तो! लाज आणलीत!” आणि लगेच आजूबाजूला वळून इंग्रजीत म्हटलं, माफ करा, ते खेड्यातून आलेत, त्यांना कळत नाही.

बाबांना इंग्रजी येत नाही. ‘व्हिलेज’ येतं.

त्यांनी मासा फेकला नाही. वाकून पाण्यात धरला, तोंड प्रवाहाकडे करून, तो आपणहून जाईपर्यंत. मग शर्टाला हात पुसले, मान खाली घालून चढ चढले आणि गाडीत जाऊन बसले.

आता ते, जे कुणाला सांगितलेलं नाही. मी त्यांच्या मागे गेले नाही. माझी जागा जाईल म्हणून गेले नाही, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं, आणि ते खरं नाही, कारण बादली तिथेच होती. मला त्यांच्यासोबत चढ चढताना कुणी पाहायला नको होतं. पुढे दोन-अडीच तास मी गळ टाकत राहिले आणि पाच मासे धरले, दिवसाची मर्यादा पाचच असते. त्या सगळ्या वेळात बाबांची बादली माझ्या उजवीकडे होती आणि त्या खचाखच काठावर तेवढी दोन फूट जागा कुणी घेतली नाही. एक मुलगा आला, बादली पाहिली, पुढे गेला. शेजाऱ्यांनी मला दोनदा विचारलं, वडील परत येणार आहेत ना? मी हो म्हटलं.

घरी येऊन बाबांनी आंघोळ केली आणि बारा वाजता गुढी उभारली. मासे मी साफ करून फ्रीझरमध्ये टाकले. ते काही बोलले नाहीत. मेमध्ये चिपळूणला परत गेले. मग जुलैत आईने ते मासे कुठे गेले म्हणून विचारलं तेव्हा मी फेकून दिले म्हटलं. नव्हते फेकले. एका रात्री एकटीने तळून खाल्ले.

तर ‘पाडव्याला मासे धरायला गेलीस’ हा तुमचा आक्षेप मला लागत नाही. पाडव्याची गुढी उशिरा उभारली, ते मला लागतं, कारण बाबांनी एकदाच काही मागितलं होतं. पण त्या दिवशीच्या माझ्या वागण्यात मासा हा सगळ्यात लहान भाग आहे.

मग परत तिथेच का जाते? प्रायश्चित्त म्हणून, असं माझ्या मैत्रिणीने स्वतःच ठरवून टाकलं आहे. मला ते मान्य नाही. मला तिथे बरं वाटतं. जपानी, व्हिएतनामी, पोर्तो रिकन, अ‍ॅमिश पंथाच्या लोकांसारखे दाढीवाले, कारखान्यातून रात्रपाळी करून थेट आलेले, सगळे एकाच मिनिटाला गळ टाकतात आणि एकमेकांच्या दोऱ्या सोडवून देतात. बाबांवर ओरडलेला माणूसही त्यातलाच होता, हे मी विसरत नाही. मोबाइलही त्यांचेच होते. तरी दोन फूट जागा ठेवली तीही त्यांनीच. मी २०१८ साली या लोकांना जो शब्द लावला होता तोच २०२२ साली बाबांना लावला, फक्त इंग्रजीत. एवढं मला दिसतं. त्याचं काय करायचं ते दिसत नाही.

दर वर्षी पहिल्या शनिवारी मी दोन बादल्या नेते. दुसरी कशाला, हे तिथे कुणी विचारत नाही. घरी आले की चिपळूणला फोन करते, तिकडे तोवर रात्र झालेली असते, पण बाबा जागे असतात. विचारतात, किती मिळाले? मी आकडा सांगते. गेल्या वर्षी म्हणाले, वाशिष्ठीतला गाळ काढल्यापासून चढणीला मासे कमी दिसतात. मग म्हणाले, तुझ्याकडचं पाणी अजून तेवढंच गार असतं काय? मी म्हटलं, हो, तेवढंच. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही, आणि मग त्यांनी फोन आईकडे दिला.