तुम्ही विचारलंत म्हणून : आमच्या राज्यात ‘सेज’ची शाखा नाही, ती कशी काढायची?

अमेरिकेत समुपदेशन शिकणारी आणि परवाना घेऊन काम करणारी मराठी मंडळी हा प्रश्न पुन्हापुन्हा विचारतात. ‘सेज’ (SAIGE) म्हणजे अमेरिकन कौन्सेलिंग असोसिएशनचा (एसीए) एलजीबीटी क्लायंटच्या समुपदेशनाला वाहिलेला विभाग. राज्यात त्याची शाखा नसेल तर सुरुवात कुठून करायची?

आधी ठरवा, राज्याच्या समुपदेशक संघटनेचा विभाग व्हायचं की स्वतंत्र संस्था काढायची. नव्या गटाने पहिलाच मार्ग धरावा, असं आमचं ठाम मत आहे. राज्य संघटनेकडे करसवलत, बँक खातं आणि वार्षिक परिषद सहसा आधीपासून असते. तुम्हाला फक्त काम करायचं उरतं.

स्वतंत्र निघालात तर राज्याकडे नोंदणी, मग आयआरएसकडून, म्हणजे अमेरिकेच्या करखात्याकडून, ईआयएन हा संस्थेचा ओळख क्रमांक (तो फुकट मिळतो, पैसे मागणाऱ्या वेबसाइटला भुलू नका) आणि मग करसवलतीचा अर्ज. वार्षिक जमा ५० हजार डॉलरच्या आत आणि मालमत्ता अडीच लाखांच्या आत राहणार असेल, तर १०२३-ईझेड हा छोटा फॉर्म चालतो. पण तो ५०१(सी)(३) साठी, म्हणजे शैक्षणिक किंवा धर्मादाय कामासाठी आहे. मुख्य हेतू व्यवसायाचं हित जपणं असेल तर संस्था ५०१(सी)(६) मध्ये जाते, आणि तिथे देणगीदाराला देणगीची वजावट मिळत नाही. पुढे एक रुपया, म्हणजे एक डॉलरही जमा झाला नाही तरी दरवर्षी ९९०-एन हा लहान संस्थांचा वार्षिक फॉर्म भरावाच लागतो. सलग तीन वर्षं राहिला की सवलत आपोआप रद्द. लहान संस्था इथेच बुडतात, कारण आयआरएसची पत्रं जुन्या कोषाध्यक्षांच्या पत्त्यावर जात राहतात. टपालाचा पत्ता आणि ईमेल पहिल्या दिवसापासून संस्थेच्या नावाचे ठेवा.

विभाग व्हायचं असेल तर राज्य संघटनेची नियमावली मागवा. किती सह्या लागतात, सही करणारे चालू सभासद असावे लागतात का, कोणत्या बैठकीत मंजुरी मिळते, हे प्रत्येक राज्यात वेगळं असतं. अर्ज हमखास अडकतो तो सह्यांवर : उत्साहाने सही केलेल्यांपैकी कित्येकांचं सभासदत्व संपलेलं निघतं. सही घेण्याआधी मुदत तपासा. राष्ट्रीय ‘सेज’लाही आधीच लेखी विचारा की नाव आणि बोधचिन्ह वापरता येईल का, आणि शाखेच्या सभासदाला राष्ट्रीय सभासदत्वही घ्यावं लागेल का.

कार्यकारिणी एकाच विद्यापीठातली नको. मे महिन्यात पदवीदान झालं की निम्मी रिकामी होते. परवानाधारक समुपदेशक, शाळेतला समुपदेशक, प्राध्यापक, विद्यार्थी अशी सरमिसळ हवी. अध्यक्षपदाची साखळी तीन कड्यांची ठेवा : नियोजित अध्यक्ष, अध्यक्ष, मावळते अध्यक्ष. शाखा काढणारी माणसं थकतात, आणि पुढचं माणूस आधीच तयार नसेल तर शाखा त्यांच्याबरोबरच थांबते. गणपूर्ती ‘निम्मे सभासद’ अशी लिहू नका, कधीच भरणार नाही. बँकेचं विवरण दरमहा कोषाध्यक्षांखेरीज आणखी एकाने पाहावं.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र गोपनीयतेला द्या. ९९०-एनमध्ये मुख्य पदाधिकाऱ्याचं नाव आणि पत्ता असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. राज्याकडची नोंदणीही सहसा तशीच. घरच्यांना न सांगितलेल्या किंवा धार्मिक संस्थेत नोकरी करणाऱ्या माणसाला हे उमेदवारीच्या आधी सांगायलाच हवं, निवडून आल्यावर नाही. सभासद अर्जात लैंगिकतेचा प्रश्न नको. शाखेत सहकारी म्हणून येणारे विषमलिंगी लोकही असतात, आणि सभासदत्वावरून कुणाची ओळख ठरू नये. सभासदांची यादी दोघांपलीकडे जाऊ देऊ नका, सामूहिक ईमेल बीसीसीनेच पाठवा (म्हणजे एकाला दुसऱ्याचा पत्ता दिसत नाही), फोटो विचारूनच काढा. वर्गणी मालक भरत असेल तर पावतीवर शाखेचं नाव छापलेलं असतं, हेही आधी सांगा. आणि प्राइडमध्ये टेबल मांडलंत तर क्लायंट समोर येणारच. त्यांनी आपणहून ओळख दाखवली तरच बोलायचं, हे टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत हवं.

पहिला कार्यक्रम प्रशिक्षणाचाच असू द्या. राष्ट्रीय ‘सेज’ने, तेव्हाच्या नावाने, ट्रान्सजेंडर क्लायंटसाठीचे क्षमतानिकष २०१० मध्ये आणि समलिंगी, उभयलिंगी, इंटरसेक्स वगैरे व्यक्तींसाठीचे २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. दोन तासांच्या सत्राला तेवढा मजकूर पुरून उरतो. परवाना नूतनीकरणासाठी शिक्षणतास मिळाले तर लोक येतात. ही मान्यता कार्यक्रमाच्या आधी घ्यावी लागते, नंतर मिळेल असं धरून चालू नका. राज्य संघटना मान्यताप्राप्त असेल तर तिच्यामार्फत घ्या. उद्दिष्टं, हजेरी, अभिप्राय, प्रमाणपत्र हे चारही कागद जपा. केसवरची चर्चा ठेवलीत तर नाव गाळणं पुरत नाही : लहान गावात ‘ट्रान्स शिक्षिका’ एवढ्यावरूनही माणूस ओळखू येतो.

कायद्याचा प्रश्न लवकरच दारात येईल. एसीएची २०१४ ची आचारसंहिता सांगते की केवळ स्वतःच्या मूल्यांमुळे क्लायंटला दुसरीकडे पाठवायचं नाही. २०१६ मध्ये टेनेसीने याच्या उलट मुभा देणारा कायदा केला, आणि एसीएने २०१७ ची परिषद तिथल्या नॅशव्हिलहून सॅन फ्रान्सिस्कोला हलवली. ५०१(सी)(३) संस्थेला विधेयकावर मर्यादित प्रयत्न करता येतात, उमेदवाराला पाठिंबा मात्र अजिबात नाही. विभाग म्हणून निवेदन काढायला राज्य संघटनेची परवानगी लागते, आणि सुनावणी कधीकधी दोन दिवसांवर असते. म्हणून मंजुरी मिळाली त्याच वर्षी लिहून घ्या : मसुदा कुणाकडे पाठवायचा, उत्तर किती तासांत यायचं, आणि आलंच नाही तर कोण सही करणार.